पुसलेले व्रण

माझं काम चेहऱ्यांचं, म्हणजे फोटोतल्या चेहऱ्यांचं. सांगलीत आमचा जुना स्टुडिओ आहे. फोटो काढायचे ते सासरे, पुढे यजमान. आणि काढलेला फोटो लोकांच्या हातात देण्याजोगा करायची ती मी. चाळीसएक वर्षं हेच केलं.

या अंकाच्या संपादकबाई आमच्या जुन्या गिऱ्हाईक. त्या म्हणाल्या, "एआय आल्यापासून तुमच्याकडे काय काय गमती होतात, त्यावर लिहा. हलकंफुलकं." मी हो म्हटलं, दोनतीनदा लिहायला बसले आणि पानं फाडली. गमती आहेत, नाहीत असं नाही. पण लिहिताना एक माणूस सारखा मध्ये येऊन उभा राहतो. त्याला बाजूला सारून पुढचं लिहिता येईना, तेव्हा त्याच्याबद्दलच लिहायचं ठरवलं. संपादकबाईंनी माफ करावं.

आधी थोडं कामाबद्दल सांगते. मी लग्न होऊन आले तेव्हा रंगीत फोटो आले होते, पण नोकरीचे, ओळखपत्राचे फोटो अजून काळेपांढरेच असत. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मला निगेटिव्ह रिटच करायला शिकवलं. उतरत्या डेस्कला काच, काचेमागे दिवा, काचेवर निगेटिव्ह. हातात कडक शिसाची पेन्सिल, सँडपेपरवर घासून सुईसारखी केलेली. निगेटिव्हवर सगळं उलटं दिसतं. गालावरची काळसर पुटकुळी तिथे फिका ठिपका होऊन येते. त्या ठिपक्यात शिसं भरत जायचं, आजूबाजूच्या रंगाशी मिळेल इतकंच. जास्त भरलं की छापल्यावर गालावर कोड उठल्यासारखं दिसतं.

पहिल्याच महिन्यात मी एका फौजीचा चेहरा असा काही स्वच्छ केला की मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. साताऱ्याकडचा पोरगा, सुट्टीवर आलेला, मुलगी बघायला जायचं म्हणून फोटो काढून घेतला होता. मामंजींनी निगेटिव्ह उजेडाला धरली.

"ह्याच्या हनुवटीवर घाव होता तो कुठं गेला?"

"वाईट दिसत होता."

"तुला वाईट दिसत होता. पुटकुळी काढ, ती आठ दिवसांनी जाणारच आहे. व्रण त्याच्याबरोबर सरणावर जाणार. तो काढायचा तर त्याला विचारून काढायचा."

शिसं पुसून सगळं पुन्हा करायला लावलं. अभिरुची हा शब्द मामंजींनी जन्मात वापरला नसेल. ते "हात आवर" म्हणायचे. कुणाचं काम आवडलं तर म्हणायचे, "ह्याला हात आवरता येतो." यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र त्यांच्याकडे नव्हतं.

पुढे कॉम्प्युटर आला, पेन्सिलीच्या जागी माउस आला. तिथंही हातच चालायचा, त्यामुळे आवरायचा कुठं ते कळायचं. एआयचं तसं नाही. ज्यांनी वापरलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. फाटका, भिजलेला, अर्धा चेहरा गेलेला फोटो तुम्ही त्याला देता. त्यानं इतके चेहरे पाहिलेले असतात की इथं बहुधा काय असेल याचा अंदाज करून ते जागा भरून टाकतं. एक सोडून चार नमुने पुढे ठेवतं. तुम्ही फक्त बोट दाखवायचं.

माझ्या मुलीनं पुण्याहून येऊन ते आमच्या कॉम्प्युटरवर बसवून दिलं. मी त्याच्यावर खूश होते, खोटं कशाला बोलू? कृष्णेच्या पुरात भिजलेले अल्बम लोक अजूनही आणतात. पानं एकमेकांना चिकटलेली, नवरीच्या तोंडावर गाळाचा पापुद्रा. जो फोटो नीट करायला मला आठवडा लागायचा तो आता चहा होईपर्यंत तयार व्हायचा.

वाईहून एक गृहस्थ आले होते, बायको वारल्यानंतर. म्हणाले, "फोटो चांगला आहे, पण तेवढं हसू घाला. माझ्यासमोर कधी मनापासून हसली नाही हो, आता भिंतीवर तरी हसू दे." मी यंत्राकडून हसू घालून दिलं. आठ दिवसांनी फ्रेम परत घेऊन हजर. "रोज सकाळी दचकतो. परकी बाई घरात आल्यासारखं वाटतं. ती कपाळाला आठी असलेलीच द्या." यावर आम्ही घरी खूप हसलो होतो. संपादकबाईंना हव्या होत्या त्या गमतींतली ही एक. मी तेव्हा थांबून नीट विचार करायला हवा होता. केला नाही.

आता तो माणूस.

माझे यजमान पूर्वी पंचनाम्याचे फोटो काढायला जायचे. त्यामुळे यजमान गेल्यावरही एक हवालदार काही अडलं की माझ्याकडे येत. त्या दिवशी दुपारी आले आणि खुर्चीत न बसताच म्हणाले, "वैनी, फोटो वंगाळ हाय, पर बघावं लागंल." मोबाइल पुढे केला. बंधाऱ्याजवळ नदीत सापडलेला पुरुष, चाळीस-पंचेचाळीसचा. दोनतीन दिवस पाण्यात असावा. चेहरा फुगलेला, डोळे अर्धवट.

"खिशात काय न्हाई, मोबाइल न्हाई. बेवारस म्हणून पत्रक काढायचंय. पर असला फोटो व्हॉट्सॲपच्या गटावर टाकला तर लोक बघायच्या आधी खाली सरकवत्यात. जरा माणसात आणा त्याला. घरचं कोण असंल तर वळखंल."

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे मी आजही म्हणते. कुणाचं तरी माणूस शवागारात पडलं होतं आणि त्याला ठेवण्याचे दिवस मोजके असतात.

मी फोटो कॉम्प्युटरवर घेतला, मोठा केला. डाव्या गालावर, कानशिलाकडे सहासात बारीक खळगे होते, काळपट, मुगाएवढे. मी थांबले. हे काय? पाण्यातल्या माशांनी टोचलं? खडी लागली? हवालदारांना विचारलं तर ते म्हणाले, "पाण्यातलंच असंल की. सगळंच खराब झालंय." मीही तसंच धरून चालले.

यंत्रानं चार चेहरे दिले. सूज उतरलेली, डोळे उघडे, कातडीचा रंग सावळा, माणसासारखा. तिघांचे गाल साफ होते. चौथ्याच्या गालावर त्या खळग्यांचे पुसट ठिपके राहिले होते. मी चारही बराच वेळ पाहिले, आणि चौथा बाद केला. तो मला घाणेरडा वाटला. काम अर्धवट राहिल्यासारखा. उरलेल्या तिघांतला सगळ्यात नीटनेटका मी निवडला.

"जित्ता झाला की ओ वैनी!" हवालदार म्हणाले.

मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं.

पत्रक निघालं. मोबाइलवरून मोबाइलवर फिरत कऱ्हाड, साताऱ्यापर्यंत गेलं असणार. माझ्याही दोन गटांवर आलं. कुणीच पुढे आलं नाही. ठरलेले दिवस भरल्यावर सरकारी रीतीनं त्याला अग्नी दिला. हवालदार एकदा रस्त्यात भेटले तेव्हा त्यांनी सांगितलं. मी "अरेरे" म्हटलं आणि भाजी घ्यायला गेले.

त्यानंतर काही आठवड्यांनी सकाळी दुकान उघडत होते तर पायरीवर एक बाई आणि एक पुरुष बसलेले. फलटणजवळच्या खेड्यातून पहाटेच्या गाडीनं आले होते. बाईचं नाव रंजना, तो तिचा दीर महादेव. हवालदारांनीच माझा पत्ता दिला होता. भिंतीवर लावायला फोटो मोठा करून हवा होता. महादेवनं खिशातून कारखान्यानं परत दिलेला गेटपास काढला. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचा. फाउंड्री म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. पासवर टपालाच्या तिकिटाएवढा फोटो.

"भाऊ माझा. दत्तू. भट्टीवर व्हता. पंधरा दिसांनी घरी याचा. मधी तिथं भांडण झालं आन काम सोडलं त्यानं. कंपनीला वाटलं गावी गेला, आमाला वाटलं कामावर हाय. नदीत कसा गेला ते देवाला ठावं."

मी पास स्कॅन करून पडद्यावर मोठा केला. डाव्या गालावर, कानशिलाकडे, सहासात बारीक काळपट खळगे होते.

मी गालाची ती जागा आणखी मोठी केली. शेवटी विचारलं, "हे गालावर काय आहे?"

रंजना पहिल्यांदाच बोलली. "लोखंड उडालं व्हतं ताई. रस वतताना. डोळा वाचला त्येवढा."

कुपवाडला दुचाकीवरून कामाला जाणाऱ्या शंभर माणसांना ते खळगे बघून एका क्षणात कळलं असतं की हा भट्टीवरचा माणूस आहे. पोलिसांनी नुसते ते बघून एखाद्या फाउंड्रीच्या गेटवर चौकशी केली असती तरी तो ओळखला गेला असता.

महादेव बोलत होता. पोलिसांचं पत्रक त्यांच्या गावच्या गटावर आलं होतं. उंची, शर्टाचा रंग जुळत होता म्हणून तो सांगलीला निघालाच होता. निघण्याआधी वहिनीला फोटो दाखवला. "तर ही म्हणली, ह्यो न्हवं. सोताच्या नवऱ्याला वळखंना! मी घातलेली चप्पल काढून ठिवली. हिनं हूं म्हटलं असतं तर आमी त्याला गावी आणला असता. आता राख सुदिक न्हाई." पुढे कंपनीत विचारपूस केल्यावर दोघं पोलीस ठाण्यात गेले, तिथं ठेवलेल्या कपड्यांत शर्टाची कॉलर रंजनानं स्वतः उलटवून शिवलेली होती. टाका ओळखून ती तिथंच खाली बसली. मग मूळ फोटो दाखवायची गरजच उरली नाही.

रंजना दिराकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही. जमिनीकडे बघत म्हणाली, "त्या फोटुतला गाल साफ व्हता."

तो फोटो मी केला, हे त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "आठ दिवसांनी देते. तुम्ही येऊ नका, मीच आणून देईन." एवढंच.

ते आठ दिवस मी तो फोटो हातानं केला. यंत्राला दिला नाही. एकेक खळगा पासमध्ये जसा होता तसा ठेवला. आणि मनाशी भांडत राहिले. यंत्रावर ढकलणं सोपं होतं. पण त्या बिचाऱ्यानं मला चार दिले होते. त्यातल्या एकावर ते ठिपके होते. निवड माझी होती. चाळीस वर्षं लोक माझ्या नजरेची तारीफ करत आले आणि नेमक्या वेळी त्या नजरेनं काय केलं, तर जे दिसायला बरं ते उचललं. तो माणूस कोण, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं, ते मी मळ समजून बाजूला टाकलं. हातानं काम करताना एकेक खळगा भरायला वेळ लागला असता आणि तिसऱ्याचौथ्याला तरी मी विचारलं असतं, हे मी का भरतेय? यंत्र तो वेळच देत नाही. तो आपला आपण काढावा लागतो.

ते यंत्र मी अजून वापरते. भिजलेल्या अल्बमांना त्याच्यासारखं औषध नाही. फक्त आता मूळ फोटो शेजारी उघडा ठेवते आणि काय काय गेलं ते कागदावर लिहून गिऱ्हाइकाला विचारते. लोकांना कटकट वाटते.

नवव्या दिवशी फ्रेम पिशवीत घेऊन फलटणच्या गाडीत बसले. पिशवीत आणखी दोन कागद होते. एक मी केलेला तो साफ चेहरा. दुसरा हवालदारांच्या मोबाइलमधला मूळ, फुगलेला. दुसरा घ्यावा की नाही यावर बरीच घालमेल झाली. मेलेल्या माणसाचं असं तोंड त्याच्या घरच्यांना दाखवायचं? चांगुलपणाची सगळी शिकवण नको म्हणत होती. पण तो दाखवल्याशिवाय रंजना सुटणार नव्हती. नुसतं माझ्या तोंडचं कोण ऐकणार?

घर उसाच्या पट्ट्याला लागून होतं, पत्र्याचं, पुढे सारवलेलं अंगण. दत्तूची आई जोत्यावर बसली होती. रंजनानं पाणी आणून दिलं. आई तिच्याकडे बघत नव्हती, एवढ्यावरून घरात काय चाललंय ते कळलं. फ्रेम उघडली. आईनं ती मांडीवर घेतली आणि बराच वेळ पदरानं काच पुसत राहिली. "असाच व्हता," म्हणाली.

मग मी सांगितलं. पोलिसांनी फोटो माझ्याकडे आणला, मी यंत्रावर साफ केला, गालावरचे व्रण माझ्या हातून गेले, म्हणून तुमच्या सुनेनं ओळखलं नाही. तिची चूक नव्हती, माझी होती. एका दमात बोलले, मध्ये थांबले असते तर पुढचं निघालं नसतं.

महादेव उठून उभा राहिला. "कशावरनं? आता वैनीची बाजू घ्याला आलाय व्हय तुमी?"

मी दोन्ही कागद बाहेर काढले, पालथे धरले. "एक बघवणार नाही," मी म्हटलं. "पाण्यातला आहे."

"आय, तू नगं बगू," महादेव म्हणाला.

"मी न्हाई बगायचा तर कुणी बगायचा? आण हिकडं."

तिनं तो कागद घेतला आणि उजेडाला म्हणून जोत्याच्या कडेला सरकली. माझी मान खाली. वर पाहिलं तर म्हातारीचं बोट त्या फुगलेल्या गालावर होतं, एकेका खळग्यावरून फिरत होतं.

"दत्तूच हाय ह्यो," ती म्हणाली. "हितं मी खोबऱ्याचं त्याल लावलं व्हतं. चरचरतंय म्हणायचा."

मग दुसरा कागद मागितला. मी केलेला. तो तिनं लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि महादेवच्या हातात दिला.

"ह्यात काय म्हणून वळखायचं रं तिनं? मला बी वळखंना."

महादेवनं कागद पुन्हा एकदा पाहिला. मग तो खाली ठेवून गोठ्याकडे निघून गेला. आईनं मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. पाण्यातला तो फोटो मात्र तिनं परत दिला नाही. फडक्यात गुंडाळला आणि सुनेला हाक मारली. "रंजे, ह्यो माज्या पेटीत ठिव. आन ह्यास्नी च्या कर. लांबनं आल्यात."

रंजनानं चहा केला. मी तो सगळा प्यायले.

फाट्यापर्यंत सोडायला तीच आली. दोन्ही बाजूंनी ऊस, मधून पायवाट. ती पुढे, मी मागे. फाट्यावर बस यायला वेळ होता. उभी राहिल्यावर ती म्हणाली, "ताई, तुमी आला ते बरं केलं. न्हाईतर आत्याबाई मरस्तवर माझ्याशी बोलल्या नसत्या."

मी तिचा हात धरला. तिनं काढून घेतला नाही, पण माझा धरलाही नाही.

"पर त्यांनी त्याला कसा लगीच वळखला, बघितलं न्हवं?" ती म्हणाली. "तसल्या तोंडातनं बी वळखला. मी बी वळखला असता. इतकं दिस मला वाटत व्हतं, माझंच डोळं चुकलं. त्ये वझं तुमी उतरवलं. आन आता ह्ये दुसरं कळलं, का तो घावला असता, त्याला आमी आमच्या हातानं न्हेला असता. ह्ये मी कुटं ठिवू, तेवढं सांगा."

बस आली. कंडक्टरनं विचारलं, "कुठं जायचं बाई?" मला सांगली हा शब्दसुद्धा पटकन आठवला नाही. खिडकीतून पाहिलं तर ती रस्ता ओलांडून उसात शिरत होती, घराकडे.